खोपटची राणी

मधुमालती सोसायटीत कुणाला काही अडलं की "वैशंपायनांना विचारा" असं म्हणायची जुनी पद्धत होती. मीटरच्या खोलीत निघालेला साप विषारी की बिनविषारी, कुंडीत आपोआप उगवलेलं रोप पपईचं की एरंडाचं, पहाटे गच्चीवर कोकलणारा पक्षी कोण, हे सगळं श्रीपाद वैशंपायन सांगायचे. त्यांचं उत्तर दर वेळी बरोबर असायचं असं नाही. पण ते इतक्या ठामपणे दिलेलं असायचं, की त्या पक्ष्यानेच मुकाट्याने आपलं नाव बदलून घ्यावं. विम्याच्या ऑफिसातली ठाण्याची नोकरी सांभाळून श्रीपादरावांनी डोंबिवलीतली ही गादी वर्षानुवर्षं बिनविरोध चालवली होती.

मग दुसऱ्या मजल्यावर विनीत भाड्याने राहायला आला आणि त्याने मुंग्या पाळल्या.

आता घरात मुंग्या झाल्या की माणूस हळद टाकतो, खडूची रेघ ओढतो, फार तर सोसायटीच्या नावाने शंख करतो. हा तिशीच्या आतला, घरी बसून कंपनीचं काम करणारा मुलगा मात्र मुंग्यांना काचेचं घर बांधून देतो, त्यांना मधाचा थेंब चारतो, आणि अख्खी सोसायटी रांग लावून ते बघायला जाते! श्रीपादरावांना हे पहिल्या दिवसापासून रुचलं नाही. त्यांच्या पोटात दुखायला लागलं, असंच सरळ म्हणायला हवं.

"अहो वैशंपायन, विनीतच्या मुंग्या बघितल्यात की नाही?" चेअरमन हरिहर सामंतांच्या पत्नी देवयानीबाईंनी त्यांना लिफ्टमध्ये गाठून विचारलं. "काय तो अभ्यास त्या मुलाचा! आमच्या ओट्यावर येतात ना, त्यांचं इंग्रजी नाव सांगितलं त्याने. मी म्हटलं, इतकी वर्षं मारतेय, नाव आज कळलं."

"मीही सांगितलं असतं," श्रीपादराव म्हणाले.

"तुम्हाला मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, लाल मुंगी."

लिफ्ट नेमकी त्या दिवशी हळू चालत होती.

एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. श्रीपादरावांनी ठरवलं, की आपल्याकडेही एक राणी पाहिजे. विनीतच्या काचेच्या घरात शेकडो मुंग्या होत्या, पण त्या सगळ्या एका राणीच्या. राणी मिळाली की बाकीचं राज्य ती स्वतःच उभं करते, एवढं त्यांनी ऐकलं होतं. एका संध्याकाळी गॅलरीतल्या ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमले, त्यांतला एक किडा पंख झटकून टाकून खाली चालू लागला, आणि श्रीपादरावांनी त्याला जॅमच्या बाटलीत घातलं. सोबत राहायला म्हणून लाकडाच्या ढलप्या दिल्या. बाटली दिवाणखान्यात सागवानी शोकेसवर ठेवली आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला: "मुंगीची राणी. आमच्या घरी. बघायला यावे."

लोक आले. विनीतही आला. त्याने बाटली उजेडात धरली, जरा घुटमळला, आणि फार आदबीने म्हणाला, "काका, मस्त आहे. पण ही मुंगी नाहीये. वाळवी आहे."

सगळी डोकी बाटलीवर वाकली.

"मुंगीला कंबर असते ना काका. ही बघा, सरळसोट आहे. आणि मुंगीच्या मिशा आपल्या कोपरासारख्या वाकतात. हिच्या सरळ आहेत, मण्यांच्या माळेसारख्या."

"वैशंपायन!" सामंत जवळजवळ ओरडले. "सोसायटीने वाळवीवर आत्ताच औषध मारून घेतलंय आणि तुम्ही घरात पाळताय? वर लाकूड खायला घालताय?"

पुढचे कित्येक दिवस कुणाच्या कपाटाचं दार करकरलं तरी ग्रुपवर श्रीपादरावांना नमस्काराचे हात यायचे. पाण्याच्या टाकीजवळ दोन बायका हसत होत्या, त्या आपल्यालाच हसताहेत असं त्यांना वाटलं, आणि त्या खरंच त्यांनाच हसत होत्या. पण सगळ्यात जास्त लागला तो विनीतचा समजूतदारपणा. तो एकदाही हसला नाही. उलट जिन्यात भेटला की म्हणायचा, "होतं काका, सुरुवातीला सगळ्यांचं होतं." श्रीपादरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यांनी गुपचूप अभ्यास सुरू केला. ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर मुंग्यांचे व्हिडिओ बघू लागले. राणीचं डोकं बघायचं नसतं, पाठ बघायची. मोठ्या डोक्याची दिसते ती नुसती शिपाई. राणीची पाठ फुगीर असते, कारण तिथे उडायचे स्नायू असतात. पंख झडून गेले तरी त्यांच्या खुणा राहतात. पोट मोठं, कंबर बारीक, मिशा वाकलेल्या. सगळं तोंडपाठ झालं. फक्त राणी तेवढी मिळायची राहिली.

ती मिळाली ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोत.

शुभदाची, म्हणजे श्रीपादरावांच्या बायकोची, आई मोतीबिंदू काढायला आली होती. ती काळा चष्मा लावून चिपळूणला परत निघाली. शुभदाला पतपेढीतून रजा मिळाली नाही, म्हणून सासूबाईंना गाडीत बसवून द्यायचं काम श्रीपादरावांकडे आलं. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झाली होती. सामान वर गेलं, पाण्याची बाटली दिली, कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली. हात हलवता हलवता श्रीपादरावांची नजर फलाटावरच्या बाकाखाली गेली, आणि हलवायचा हात तसाच वर राहिला.

बाकाखालून एक मोठी मुंगी चालली होती. एकटीच, घाई नसलेली. श्रीपादराव चष्मा चढवून गुडघ्यांवर बसले. फुगीर पाठ! भरलेलं पोट! पंख नाहीत! त्यांनी घाईघाईने खिसे चाचपले, तर रुमाल, पास आणि चष्म्याची डबी. त्यांनी मुंगीला रुमालाच्या टोकाने हळूच डबीत ढकललं, झाकण लावलं आणि चष्मा काढून शर्टाच्या खिशात टाकला. आजूबाजूचे प्रवासी बघत होते, पण त्या क्षणी श्रीपादरावांना कुणाचीच पर्वा नव्हती.

परतताना शेअर रिक्षात ते मधल्या सीटवर बसले. एका बाजूला ट्रंक घेतलेला गृहस्थ होता, दुसऱ्या बाजूला तांदळाची गोणी घेतलेला. वळणावर तिघे एकमेकांवर चेपले गेले आणि श्रीपादरावांच्या छातीपाशी काहीतरी कडकन वाजलं. त्यांनी आधी डबी कानाला लावली. डबी शाबूत होती. फुटला होता तो चष्मा. "सुटलो," असं म्हणून त्यांनी निःश्वास टाकला. ट्रंकवाला गृहस्थ तुटलेल्या काचांकडे आणि त्यांच्या आनंदी चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

घरी येऊन त्यांनी मुंगी काचेच्या वाटीखाली ठेवली, तेव्हा खरी अडचण ध्यानात आली. जवळच्या चष्म्याशिवाय त्यांना तो नुसता एक काळसर ठिपका दिसत होता. कंबर नाही, मिशा नाहीत, काही नाही.

शुभदाचं उलटं होतं. तिला लांबचं दिसत नसे, पण चष्मा काढला की ती सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. पतपेढीतून ती आल्या आल्या श्रीपादरावांनी तिला चप्पलसुद्धा नीट काढू दिली नाही.

"शुभदा, चष्मा काढ आणि इकडे बघ."

"आई नीट बसली का गाडीत?"

"बसली, बसली. हिला कंबर आहे का बघ."

शुभदा आधी पाणी प्यायली. मग चष्मा काढून वाटीवर वाकली. "आहे की. माझ्यापेक्षा बारीक."

"मिशा? सरळ की वाकलेल्या?"

"कोपरात वाकल्यात. सारख्या पुसतेय त्या. पण अहो, हिला पाठीवर कुबड आहे बिचारीला."

"कुबड नव्हे गं, राणीचं लक्षण आहे ते! कुबडाच्या बाजूला काही खुणा?"

"आहेत. शर्टाचं बटण तुटल्यावर जागा राहते ना, तशा." ती आणखी खाली वाकली. "आणि पोटावर सोनेरी लव आहे. काय सुंदर चमकतेय हो! पैठणीचा काठ जसा."

श्रीपादराव खुर्चीत बसले. कंबर, मिशा, पाठ, खुणा, सगळं जमत होतं. आता ग्रुपवर फोटो टाकायचा, सामंतांना बोलवायचं, देवयानीबाईंना बोलवायचं. त्यांनी मोबाइल उचलला, आणि बोट तिथेच थबकलं. पुन्हा वाळवी निघाली तर? किंवा वाळवी नाही, पण तिसरंच काहीतरी निघालं तर? मग डोंबिवली सोडून बदलापूरला राहायला जावं लागलं असतं. खात्री करून देणारा माणूस सोसायटीत एकच, आणि त्याच्यापुढे ओंजळ पसरायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. "होतं काका" हे शब्द त्यांना आत्ताच ऐकू येऊ लागले.

बराच वेळ येरझाऱ्या घातल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"शुभदा, विनीतला बोलवू आणि सांगू की ही तुला सापडली."

"मला? मी तर पतपेढीत होते."

"त्याला काय माहीत? चुकलं, तर तुला कोण हसणार आहे?"

"म्हणजे मला हसलेलं चालतं."

"तसं नाही गं."

"तसंच आहे," शुभदा म्हणाली. पण मुंगीने तेवढ्यात पुन्हा मिशा पुसल्या आणि तिला हसू आलं. "बोलवा. हिचं नाव मलाही कळू दे."

विनीत भिंग घेऊनच वर आला. "कुठेय काका?"

"मला काही माहीत नाही बाबा," श्रीपादराव दोन्ही हात वर करून म्हणाले. "आमच्या हिला सापडलंय काहीतरी. खोपटच्या डेपोत. मी म्हटलं, अगं, फेकून दे. पण ऐकेल तर ना."

शुभदाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

विनीत वाटीवर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. शेवटी तो उठला तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले होते.

"काकू! अहो काकू, काय पकडलंय तुम्ही! राणी आहे ही. शंभर टक्के राणी. आणि साधी नाही, सोनेरी लववाली आहे! मी किती पावसाळे हिला शोधतोय, येऊरला गेलो, कल्याणच्या खाडीवर हिंडलो, नाही मिळाली. खरं सांगू काकू? मला जाम जेलस वाटतंय तुमचं."

हेच वाक्य! श्रीपादरावांनी व्हिडिओ बघताना, भाजी निवडताना, दाढी करताना मनातल्या मनात विनीतच्या तोंडून हेच वाक्य किती वेळा वदवून घेतलं होतं. आज ते खरोखर उच्चारलं गेलं, त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. फक्त ते दुसऱ्या माणसाला उद्देशून होतं.

"म्हणजे तसं मीही पाहिली होती," ते घाईघाईने म्हणाले. "म्हणजे मीच..."

"काका, तुम्ही फेकायला सांगत होतात!" विनीत हसला. "नशीब काकूंनी ऐकलं नाही तुमचं."

विनीतने काचेची नळी आणली. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, कोरड्या भागात राणी, तोंडाला पुन्हा कापूस. वर काळा कागद. "आता हिला अंधारात ठेवायचं आणि अजिबात हलवायचं नाही. खायलाही द्यायचं नाही. पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत ही स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर राहते. कधी तरी हळूच बघायचं, बस. आणि काकू, मला अपडेट देत जा."

रात्रीच्या जेवणाआधीच ग्रुपवर फोटो आला. श्रीपादरावांनी नव्हे, विनीतने टाकला: "वैशंपायन काकूंचा कमाल शोध!" टाळ्यांचे हात मोजता येईनात. देवयानीबाईंनी लिहिलं, "शुभदाताई, नजर असावी तर अशी." सामंतांनी लिहिलं, "एकाच घरात वाळवी आणि राणी. दैवलीला." श्रीपादरावांनी ते वाचून मोबाइल उपडा ठेवला आणि आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. आमटीत मीठ बरोबर होतं.

तिथून पुढे घराचं देऊळ झालं. लोक येत, चपला बाहेर काढत, आणि श्रीपादरावांनाच विचारत, "शुभदाताई आहेत का?" मुलांच्या शाळेच्या प्रकल्पापासून ओट्यावरच्या झुरळांपर्यंत सगळे प्रश्न आता शुभदाकडे येऊ लागले. ती बापडी सरळ सांगायची, "मला नाही हो माहीत, विनीतला विचारून सांगते." आणि लोक जाताना म्हणायचे, बघा, कसली नम्रता! श्रीपादरावांनी इतक्या वर्षांत एकदाही 'मला माहीत नाही' म्हटलं नव्हतं, त्याची ही किंमत.

त्यांनी हक्क परत मिळवायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. सामंतांना पार्किंगमध्ये गाठून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. सामंतांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वैशंपायन, बायकोचं कौतुक सहन करायला शिकावं माणसाने. देवयानीने पाककलेत बक्षीस मिळवलं तेव्हा मलाही वाटलेलं, की रेसिपी माझी होती."

मग त्यांना साक्षीदार आठवला. त्यांनी चिपळूणला फोन लावला.

"आई, गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून माझ्याकडे बघत होतात ना?"

"बघत होते हो, श्रीपादराव."

"मी बाकापाशी खाली वाकलो, ते पाहिलंत?"

"पाहिलं तर! मला वाटलं, पाया पडताय. मी आशीर्वादसुद्धा दिला."

"पाया नाही पडलो, आई. मी तिथे मुंगी पकडली."

"मुंगी होय? ती शुभदाने पकडली ना? विनीतने टाकलेला फोटो फिरत फिरत माझ्याकडेही आला. लहानपणापासून नजर तीक्ष्ण तिची, अंगणातली हरवलेली नथ तिनेच शोधून दिली होती." मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "पण म्हणजे तुम्ही पाया पडलाच नाहीत का?"

श्रीपादरावांनी फोन ठेवला.

सगळ्यात वाईट म्हणजे राणीवर त्यांचा जीव जडला होता. शुभदा सकाळी आंघोळीला गेली की ते नवा चष्मा लावून देवघराखालच्या कप्प्यातली नळी काढत, काळा कागद सरकवत आणि बघत. राणीने पांढरी इवलीइवली अंडी घातली होती आणि ती त्यांच्याभोवती अंग वळवून बसायची. "आपली ओळख आहे, हो की नाही?" श्रीपादराव तिला म्हणायचे. "खोपट आठवतं ना?" दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी बाहेर. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मग विनीत बघायला आला आणि त्याचा चेहरा पडला. "काकू, अंडी कमी झालीत. राणीला धास्ती वाटली की ती स्वतःचीच अंडी खाते. कुणी सारखं हलवतंय का नळी?"

श्रीपादरावांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर उंच धरलं. ती अंडी गेली ती आपल्या डोळ्यांच्या भुकेमुळे, हे त्यांना कळलं, आणि मुंगीच्या अंड्यांसाठी आपल्याला रडू येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"माझ्याच हातून हललं असेल," शुभदा म्हणाली. "साफसफाई करताना. आता नाही हलवणार."

विनीत गेल्यावर तिने कप्प्याला लहानसं कुलूप लावलं, आणि किल्ली त्यांच्याच हातात दिली. श्रीपादरावांनी ती जानव्याला बांधली आणि कप्पा पुन्हा एकट्याने उघडला नाही. पण त्यांची जळजळ थांबली असं कुणी समजू नये. उलट चूक आपली आणि मोठेपणा हिचा, असा नवा हिशेब त्या जळजळीत जमा झाला.

अंडी पुन्हा आली, त्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांचे कोश झाले, आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी नळीत राणीच्या पायाशी दोन फिकट, लटपटत्या मुंग्या दिसल्या. विनीत आनंदाने नाचायचाच बाकी होता. सामंतांनी कार्यकारिणीची बैठक घेतली आणि जाहीर केलं, की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर दहावी-बारावीच्या मुलांबरोबर सौ. शुभदा वैशंपायन यांचाही शाल-श्रीफळ देऊन गुणगौरव होईल. सूत्रसंचालन अर्थातच नेहमीप्रमाणे श्री. वैशंपायन.

"मी नाही करणार," श्रीपादराव म्हणाले.

"का हो?" सामंतांनी विचारलं. "ते माइकवाले म्हणाले, तुमच्याशिवाय दुसरा आवाज त्या स्पीकरला झेपत नाही."

मग त्यांनी विचार केला. माइक आपल्या हातात असणार. समोर सगळी सोसायटी. याहून चांगली संधी कुठली?

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, मुलांना कंपासपेट्या देऊन झाल्या. शुभदा मोरपिशी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर श्रीपादरावांची जुनी चष्म्याची डबी. पिल्लं झाल्यावर आता हलवली तरी चालेल असं विनीतने सांगितलं होतं, म्हणून नळी अंधारात आणि सुरक्षित राहावी यासाठी तिच्यात ठेवली होती. श्रीपादरावांनी घसा साफ केला.

"आता एका विशेष सत्काराकडे वळू. खोपट डेपोत एका बाकाखाली एक दुर्मीळ राणी मुंगी सापडली. ती ज्या व्यक्तीला सापडली, त्या व्यक्तीविषयी थोडा गैरसमज आहे. खरं तर ती व्यक्ती..." त्यांनी परिणामासाठी क्षणभर विराम घेतला. "...या क्षणी माइकसमोर उभी आहे."

पटांगणात हास्याचा स्फोट झाला. "वा वैशंपायन!" कुणीतरी मागून ओरडलं. "घरचं कौतुक पचत नाहीये!" देवयानीबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. सामंतांनी पुढे येऊन प्रेमाने माइक काढून घेतला आणि शुभदाला वर बोलावलं.

शाल पांघरून झाली. नारळ हातात आला. शुभदाने माइक धरला तेव्हा सगळे शांत झाले.

"ह्यांनी आत्ता सांगितलं ते खरं आहे," ती म्हणाली. "राणी ह्यांनाच सापडली. मी तर त्या दिवशी पतपेढीत होते. ही डबी बघा, ह्यांची आहे. मुंगीला जागा व्हावी म्हणून ह्यांनी चष्मा बाहेर ठेवला आणि तो रिक्षात फुटला. पुन्हा हसतील म्हणून माझं नाव सांगितलं, एवढंच. मी फक्त कंबर बघितली. तेव्हा हा सत्कार ह्यांचा आहे."

श्रीपादरावांचे डोळे भरून आले. इतके दिवस जळलो, आणि ही माझी बायको! त्यांनी सत्काराला शोभेलसा चेहरा केला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेचनात. लोक उभे राहिले. पण कुणीच श्रीपादरावांकडे बघत नव्हतं.

"काय मन आहे बाईचं!" देवयानीबाई शेजारणीला म्हणाल्या. "नवऱ्याची लाज राखायला सगळं श्रेय देऊन टाकलं. मी चमचाभरसुद्धा दिलं नसतं."

"काकू, तुम्ही ग्रेट आहात," विनीत टाळ्या वाजवतच म्हणाला.

"अहो, पण हे खरंच आहे!" श्रीपादराव म्हणाले. माइक नसल्यामुळे ते फक्त सामंतांना ऐकू गेलं.

"वैशंपायन," सामंत हळूच, पण कडक शब्दांत म्हणाले, "ती देतेय म्हणून घ्यायचं नसतं. थोडी तरी चाड ठेवा." आणि त्यांनी दुसरी शाल मागवून तीही शुभदाच्या खांद्यावर घातली.

कार्यक्रम संपला. लिफ्ट बंद होती, म्हणून दोघं जिन्याने निघाली. शुभदाच्या हातात चष्म्याची डबी, मागे दोन शाली आणि नारळ घेऊन श्रीपादराव.

"मी खरं सांगितलं हो," शुभदा म्हणाली.

"सांगितलंस ना. आता खरं सांगण्याचं श्रेयही तुलाच." पण डबीकडे नजर गेली आणि त्यांचा आवाज नरमला. "चाललंय ना आत नीट?"

"तुम्हीच बघा." तिने डबी उघडून नळी त्यांच्या हातात दिली. छोट्या मुंग्या आईच्या पाठीवर चढून तिला पुसत होत्या. श्रीपादराव बघत राहिले. सकाळपासून प्रथमच त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी नळी पुन्हा डबीत ठेवून दिली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते एकदम थांबले. नारळ शुभदाच्या हातात गेला, शाली कठड्यावर. भिंतीच्या कडेने एक मोठी, एकटी, पंख नसलेली मुंगी शांतपणे वर चालली होती.

"शुभदा," ते कुजबुजले. "चष्मा काढ. लवकर."

शुभदाने चष्मा काढला, पण ती वाकली नाही. "आधी सांगा, ही कुणाला सापडली?"

खालून जिन्यात सामंतांचा आणि देवयानीबाईंचा आवाज येऊ लागला होता. श्रीपादरावांनी कठड्यावरून खाली पाहिलं, मग मुंगीकडे, मग बायकोकडे.

"तू आधी तिची कंबर बघ," ते म्हणाले. "मग ठरवू."